प्रदीपकुमार बॅनर्जी : खेळाडू आणि प्रशिक्षक

प्रदीपकुमार बॅनर्जी (१९३६–२०२०) यांच्या प्रशिक्षकपदाच्या कारकीर्दीविषयी लिहिणारे बहुधा एकाच गोष्टीवर भर देतात. ती गोष्ट म्हणजे सामन्यापूर्वी खेळाडूंस चेतविणारी त्यांची वाणी. बंगालमध्ये तिला 'व्होकल टॉनिक' असे नावच पडून गेले. ही कीर्ती खोटी नव्हे; परंतु तिच्या आड त्यांच्या कर्तृत्वाचा एक अधिक महत्त्वाचा भाग झाकला गेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खेळाडू म्हणून त्यांची योग्यता वादातीत होय. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने चौथे स्थान मिळविले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तेव्हा वीस वर्षांचे बॅनर्जी त्याच संघात होते. १९६० साली रोम येथे ते कर्णधार होते, आणि फ्रान्सशी झालेल्या १–१ अशा बरोबरीतील भारताचा गोल त्यांचाच. १९६२ मध्ये जाकार्ता येथे दक्षिण कोरियास २–१ असे नमवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. त्यांतही एक गोल त्यांचा. या तिन्ही वेळी सय्यद अब्दुल रहीम हे प्रशिक्षक होते. व्यवसायाने शिक्षक असलेल्या या हैदराबादी गृहस्थाचा सहवास बॅनर्जींना उमेदीच्या काळात लाभला, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

मात्र कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांपैकी एकाकडूनही ते खेळले नाहीत. आर्यन क्लबनंतर त्यांनी ईस्टर्न रेल्वेचा संघ धरला आणि तो सोडला नाही. मोहन बागान, ईस्ट बंगाल व मोहमेडन स्पोर्टिंग यांची मक्तेदारी मोडून १९५८ ची कलकत्ता लीग याच रेल्वे संघाने जिंकली. पुढील काळाचा उलगडा येथे होतो. ज्या शहरात क्लबनिष्ठा ही जवळजवळ कुळाचारासारखी पाळली जाते, तेथे बॅनर्जी कोणत्याच घराण्याचे नव्हते.

जपानमध्ये डेटमार क्रामर यांच्या वर्गात त्यांनी प्रशिक्षणाचे शास्त्र अभ्यासिले. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जी. एम. एच. बाशा यांच्या समवेत त्यांनी राष्ट्रीय संघाची जबाबदारी घेतली, आणि कांस्यपदकासाठी भारताने हरविले ते जपानलाच! १९७२ मध्ये ते ईस्ट बंगालकडे आले. येथे थोडा सावधपणा हवा: १९७० व १९७१ ची लीग या संघाने त्यांच्यावाचूनच जिंकली होती. सबब या पर्वातील यशाचे सारे माप त्यांच्या पदरात घालता येत नाही. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५–० असा दारुण पराभव झाला, तो मात्र त्यांच्या मार्गदर्शनाखालील संघाकडून.

आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानने त्यांनाच पाचारण केले. हीच खरी कसोटी. १९७६ ची लीग जिंकून ईस्ट बंगालची सहा वर्षांची अखंड मालिका त्यांनी खंडित केली. १९७७ मध्ये ती पुन्हा हातची गेली, पहिल्या फेडरेशन कपचा अंतिम सामनाही आय. टी. आय. संघाकडून गमावला गेला. क्लबचा जुना माणूस असता तर या धक्क्यांनंतर तो निष्ठेची ग्वाही देत बसला असता. बॅनर्जींना ती सोय नव्हती. त्यांच्यापाशी केवळ काम होते. २४ सप्टेंबर रोजी ईडन गार्डन्सवर कॉसमॉसचा संघ आला. पेले यांना रोखण्याची कामगिरी गौतम सरकार यांच्यावर सोपविली गेली. सामना २–२ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर त्याच मोसमात शील्ड, मुंबईचा रोव्हर्स कप आणि ड्युरँड कप असे तिन्ही चषक मोहन बागानकडे आले. एवढी सलग मजल केवळ वक्तृत्वाने मारता येते, हे मानणे कठीण आहे.

वीस वर्षांनी, १३ जुलै १९९७ रोजी, सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ते पुन्हा ईस्ट बंगालच्या बाजूस बसले होते. फेडरेशन कपच्या त्या उपांत्य सामन्यात मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या गाजावाजा झालेल्या 'डायमंड' रचनेचा ४–१ असा पाडाव झाला. त्यांपैकी तीन गोल बायचुंग भुतिया यांचे होते.