गीतचित्रण : शैली व कथन

गाण्याच्या लयीवर रचलेली दृश्यमालिका. स्वतंत्र गाण्यासाठी केलेल्या अशा चित्रणास ‘म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एमटीव्ही वाहिनीमुळे त्याचा प्रसार झाला; मराठीत मात्र गीतचित्रणाची परंपरा बोलपटातून आली.

*विश्लेषण :* शब्द आणि दृश्य यांचे नाते, संकलनाचा ताल, कॅमेऱ्याची गती, वेशभूषा व स्थळ हे घटक मुख्यतः तपासतात. दृश्य शब्दांचाच अर्थ दाखवते, त्यात भर घालते की त्याला छेद देते, हा कळीचा प्रश्न असतो. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटामध्ये पार्श्वसंगीत टाळल्याने गाणी कथेतील प्रसंगांतूनच उमटतात. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मध्ये अजय-अतुल यांची गाणी पूर्वार्धात आहेत; ‘याड लागलं’मधील संथगती चित्रण प्रेमाची धुंदी उभी करते, तर उत्तरार्धातील गाण्यांचा अभाव वास्तवाची धग वाढवतो.

*स्थळ :* पुणे जिल्ह्यातील भोरचा राजवाडा चित्रीकरणासाठी प्रसिद्ध आहे. वाड्याचा चौक नर्तकांना चौकट देतो, सज्जा पाहणाऱ्याला उंची देतो. त्यातून सत्ता किंवा विरह संवादाविना सूचित होतो. याउलट वेल्हे परिसरातील राजगड आणि सुमारे १,४०३ मी. उंचीचा तोरणा हे किल्ले दूरदृश्यात माणसाला लहान करतात, म्हणून वीरगीताच्या चित्रणास ते पोषक ठरतात. कथेशी नाते नसल्यास असे स्थळ केवळ शोभेचा पडदा उरते.