ना. धों. महानोर : रान, लेणी आणि माणसे

नामदेव धोंडो महानोर यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी सोयगाव तालुक्यातील पळसखेडे या गावी झाला. सोयगाव हा औरंगाबाद धर्मप्रांताच्या उत्तर टोकाचा तालुका. अजिंठ्याचे डोंगर उतरले की पुढे खानदेश सुरू होतो. महानोर ख्रिस्ती नव्हते. तरीही आपल्या धर्मप्रांताच्या भूमीत जन्मलेल्या या शेतकरी कवीची ओळख आपल्या भाविकांना असावी, असे आम्हांस वाटते. त्याचे एक कारण लेखाच्या अखेरीस येईल.

जळगावच्या महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते गावी परतले आणि वडिलोपार्जित शेती करू लागले. ‘रानातल्या कविता’ हा त्यांचा पहिला संग्रह १९६७ साली प्रसिद्ध झाला. पुढे ‘पावसाळी कविता’ (१९८२) आणि ‘पानझड’ (१९९७) आले. ‘पानझड’ला २००० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांना ‘रानकवी’ म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु ही उपाधी आम्हांस अपुरी वाटते. महानोरांचा पाऊस खिडकीतून पाहिलेला नाही. तो आला तर वर्षाची भाकरी, न आला तर कर्ज, अशा घरातला तो पाऊस आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने सृष्टीचे स्तोत्र विद्वानांच्या लॅटिनमध्ये न रचता लोकांच्या बोलीत रचले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राचे नाव त्याच स्तोत्रावरून घेतले. पळसखेड्याच्या बोलीतील या कविता वाचताना आम्हांस त्याचे स्मरण होते.

अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात, वाघूर नदीच्या वळणावर आहेत. त्या कोरीव दालनांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची नेमणूक केली. गिल यांनी या कामात जवळजवळ वीस वर्षे घालवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ च्या आगीत जळून गेल्या. गिल यांची सहचारिणी पारो ही स्थानिक स्त्री १८५६ मध्ये मरण पावली; तिची कबर अजिंठा गावात आहे. गिल विवाहित होते, त्यामुळे ही कथा सरळ नाही. महानोरांनी ‘अजिंठा’ (१९८४) या दीर्घकाव्यात तिला सहानुभूतीने स्थान दिले. लेण्यांविषयीच्या ग्रंथांत चित्रे, स्तंभ, विहार यांचे वर्णन विपुल मिळते. पायथ्याच्या गावातील बाईला मात्र त्यांत क्वचितच जागा मिळाली. या काव्यावर २०१२ साली नितीन देसाई यांनी चित्रपट काढला.

‘पळसखेडची गाणी’ या पुस्तकात त्यांनी गावातील लोकगीते जतन केली. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि जात्यावरची गाणीही थांबत गेली, हे लक्षात घेतले तर या संग्रहाचे मोल कळते. १९७८ पासून ते विधान परिषदेचे सदस्य होते. तेथे ते शेती आणि पाणी यांविषयी बोलत राहिले, आणि जे बोलले ते स्वतःच्या रानात बांधबंदिस्ती व फळझाडे करून दाखवले. आपल्या सीताफळाला त्यांनी लता मंगेशकर यांच्यावरून ‘लताफळ’ हे नाव दिले होते! १९९१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘जैत रे जैत’ची गाणी तर सर्वांच्या ओठी आहेतच.

आता ते कारण. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली होती. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. उद्घाटक महानोर होते. त्यांनी तेथे जाऊ नये म्हणून त्यांच्यावर दडपण आणण्यात आले. वयाची ७७ वर्षे पूर्ण केलेले महानोर गेले, आणि १० जानेवारीस त्यांनी संमेलनाचे उद्घाटन केले. फादर दिब्रिटो आजारी असूनही व्यासपीठावर होते.

महानोर यांचे ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुणे येथे निधन झाले. त्यांच्यावर पळसखेडे येथे अंत्यसंस्कार करण्यात आले. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूच्या घरी गेले.