कंपनीत जॉइन होताना ओळखीची कागदपत्रं: कंपनीने काय तपासायचं, तुम्ही काय द्यायचं?

शिरूर तालुक्यातलं रांजणगाव असो की दौंड तालुक्यातलं कुरकुंभ, एमआयडीसीत नवीन काम लागलं की पहिला मेसेज ठरलेला असतो: "आधार, पॅन, पासबुक, दहावीचं मार्कशीट व्हॉट्सॲपवर टाक." मी पण टाकलं होतं. दौंडहून शिरूरला जाणाऱ्या एसटीत बसल्या बसल्या, ठेकेदाराच्या ग्रुपवर, जिथे निम्मे नंबर मला माहीतही नव्हते.

त्यात एक घोळ होता. माझ्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी होती (गावात कॅम्प लागला तेव्हा निम्म्या गल्लीची तीच पडली) आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळी. ठेकेदाराच्या ऑफिसात दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये लागले, पण शेजारी ठेवून कुणीच पाहिले नाहीत. पुढे पासपोर्टसाठी मी आधारवरची तारीख दुरुस्त केली, आणि पीएफ काढायला गेलो तर क्लेम नामंजूर. पीएफच्या नोंदीत अजून 1 जानेवारीच! तेव्हा दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागायची, आणि ठेकेदार फोन उचलेना.

म्हणून आधी समजून घ्या की झेरॉक्स गोळा करणं म्हणजे पडताळणी नाही. आधारचा फोटो कोणीही मोबाईलवर एडिट करू शकतो. खरी तपासणी कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या ॲपने स्कॅन करून होते. दुसरं, आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. पीएफ कार्यालयाने जानेवारी 2024 मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. तारखेसाठी जन्मदाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट दाखवा.

कंपनीला वय तपासावंच लागतं, आणि ते नुसतं फॉर्म भरण्यापुरतं नाही. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, आणि 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर बंदी आहे. कुरकुंभला केमिकल कंपन्या भरपूर, त्यामुळे तिथे हा प्रश्न थेट येतो. नियम मोडला तर मालकाला 6 महिने ते 2 वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे गेटवर वयाचा पुरावा मागितला तर चिडू नका. "वय 18 सांग, चालतंय" असं म्हणणारा सुपरवायझर मात्र तुमचा मित्र नाही.

"काम करायला पात्र आहे का" हा वेगळा प्रश्न परदेशी माणसांचा. रांजणगावात कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तिकडून येणाऱ्या इंजिनिअरला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. आपल्याला, भारतीय नागरिकांना, असं कुठलंही परमिट नसतं. काही ठिकाणी पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो आणि आपला भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतो.

आता तुमच्या मोबाईलचं काम. मायआधार संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' डाउनलोड करा, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. दहावीचं सर्टिफिकेट डिजिलॉकरमधून काढा. तिथे बोर्डाने दिलेली प्रत कायद्याने मूळ कागदासारखीच धरतात. पीएफ आणि ईएसआयसाठी मात्र पूर्ण आधार नंबर लागतो, तो टाळता येत नाही. पण तो एचआरला द्या, ग्रुपवर नको. ओरिजिनल सर्टिफिकेट दाखवा आणि तिथल्या तिथे परत घ्या. "जमा ठेवा, काम सोडताना देऊ" म्हणाले तर ते तुम्हाला अडकवून ठेवण्यासाठी आहे, पडताळणीसाठी नाही.

पीएफचा यूएएन नंबर ऑगस्ट 2025 पासून उमंग ॲपवर चेहरा स्कॅन करून स्वतःच काढायचा असतो. तो आधारशी जोडलेला निघतो, म्हणून आधारवरची तारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करा. जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, घाई नको. जुना यूएएन असेल तर नवीन काढू नका, तोच सांगा. 1 ऑक्टोबर 2017 नंतर मिळालेला आणि आधारने पडताळलेला असेल तर जन्मतारखेसारखी चूक आता स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करता येते. ही सोय जानेवारी 2025 मध्ये आली, माझं काम त्यातूनच झालं.

आणि कागद दिल्यावर तुम्हालाही कागद मिळायला हवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू आहेत, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, ठेकेदारालाही. त्यावर तुमचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळते का, ते गेटच्या आत जायच्या आधी बघा.