तळटीप १४ : यिप्पी
१४. यिप्पी : ‘यूथ इंटरनॅशनल पार्टी’ या गटाचे लोक. ॲबी हॉफमन, जेरी रुबिन आदींनी १९६७च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये हा गट काढला. हिप्पी राजकारणापासून बहुधा दूरच राहत. यिप्पींनी त्यांचाच वेश आणि उत्सवी वृत्ती व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात रस्त्यावर आणली. मजकुरातील ‘डुकराची उमेदवारी’ ती हीच : ऑगस्ट १९६८मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या तोंडावर त्यांनी ‘पिगॅसस’ नावाचे डुक्कर अध्यक्षपदासाठी उभे केले. ही निव्वळ थट्टा समजणे चूक ठरेल; अधिवेशनाच्या आठवड्यात पोलिसांनी निदर्शकांना बेदम मारले. दंगल चिथावण्याच्या आरोपावरून हॉफमन व रुबिन यांच्यासह पाच जणांना फेब्रुवारी १९७०मध्ये शिक्षा झाली. अपील न्यायालयाने ती १९७२मध्ये रद्द केली.