इंजिनियरची सही

वैद्याला सनद लागते, वकिलाला लागते. मग धरण बांधणाऱ्याला का लागू नये, हा प्रश्न अमेरिकेतील सरकारांना फार उशिरा सुचला. तो प्रथम सुचला वायोमिंग या कोरड्या राज्यात, आणि तोही नकाशांपायी. तेथे शेतीला पाणी हवे असले तर सरकारकडे अर्ज करून सोबत पाटाचा नकाशा जोडावा लागे. राज्याचे मुख्य इंजिनियर क्लॅरेन्स जॉन्स्टन हे नकाशे पाहू लागले, तेव्हा वकील, नोटरी अशा मंडळींनी इंजिनियर म्हणून खाली सह्या ठोकलेल्या त्यांना आढळल्या. चुकीचा नकाशा म्हणजे पाण्यावरून पिढीजात भांडण. बांधाचे तंटे पाहिलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. १९०७ साली वायोमिंगने कायदा करून परवान्यावाचून हा व्यवसाय करण्यास बंदी केली.

इतरत्र मात्र निकड पटण्यास माणसे मरावी लागली. विल्यम मलहॉलंड लॉस एंजेलिसला आले, तेव्हा पाट साफ राखणे हे त्यांचे काम होते. आपण ज्याला पाटकरी म्हणतो तेच. पुस्तके वाचून ते स्वतःच शिकले आणि १९१३ साली २३३ मैलांवरून त्यांनी शहराला पाणी आणले. अशा माणसाला पदवी कोण विचारणार? त्यांच्याविषयी मला आजही आदर वाटतो. त्यांनीच बांधलेल्या सेंट फ्रान्सिस धरणातून १२ मार्च १९२८ रोजी सकाळी गढूळ पाणी झिरपताना रखवालदाराला दिसले. मलहॉलंड स्वतः आले, धोका नाही असे म्हणून परतले. त्याच मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटले. चारशेहून अधिक माणसे गेली. मलहॉलंडांनी चौकशीत दोष स्वतःकडे घेतला; पंचांचे म्हणणे असे पडले की, माणूस कितीही थोर असो, एवढे काम एकट्याच्या निर्णयावर सोडू नये. १९२९ साली कॅलिफोर्नियाने धरणांवरील देखरेख आणि सिव्हिल इंजिनियरांची नोंदणी, दोन्ही कायद्याने आणली. टेक्ससमध्ये १९३७ साली न्यू लंडनच्या शाळेत गॅस गळून स्फोट झाला, सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुलेच. तेथील कायदा त्याच वर्षीचा.

आपल्याकडे वकिलांचा कायदा १९६१ चा, वास्तुशिल्पज्ञांचा १९७२ चा. इंजिनियरांच्या संस्थेला राजसनद मिळाली ती १९३५ साली. पण ती संस्था सभासदांपुरती. नगरपालिका आपापल्या हद्दीत परवाने देतात. सर्व देशाला लागू असा कायदा इंजिनियरांसाठी झालेला नाही.