वाड्यातली शाळा, अंगणातली शाळा

परवा कडावच्या घरावरून पुन्हा फोनाफोनी झाली. घरच्यांना ठाऊकच आहे, बाकीच्या मंडळींसाठी सांगते. बालदिगंबर गणपतीचं जे कडाव, तिथलं आमचं जुनं घर. मोठी ओटी, माजघर, मागे आंबे, आणि वर्षातले अकरा महिने दाराला कुलूप. चुलतभावाचं म्हणणं, इथे लहान मुलांची छानशी इंग्रजी शाळा काढू. इंग्लंडात नाही का, उमरावांच्या खेड्यातल्या हवेल्यांमध्ये अशा शाळा असतात!

असतात खऱ्या. महायुद्धांच्या काळात आणि नंतर एवढाली घरं पोसणं मालकांना जड झालं, तेव्हा कितीतरी हवेल्यांत शाळा आल्या. झाडी, मैदान, मोकळी हवा, आणि अर्थात फी. मोठ्या निवासी शाळेत जायच्या आधीची तयारी तिथे होई. कल्पना वाईट नाही. पण तो फोन ठेवल्यापासून मला ताराबाई मोडक आठवतायत.

ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या, १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाच्या कामात पडल्या, आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. त्यांच्यासमोर आदर्श होता माँटेसोरीबाईंचा. गंमत बघा, माँटेसोरींचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये, गरीब मजुरांच्या वस्तीतल्या इमारतीत सुरू झालं होतं. आपल्याकडे पोचेपर्यंत मात्र ती महागड्या साधनांची, शहरी घरांतल्या मुलांची शाळा झाली होती.

ताराबाईंना ते खुपलं. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. मदतीला आल्या अनुताई वाघ. लग्न तेराव्या वर्षी, आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी उरलेला सगळा जन्म याच कामाला दिला.

बोर्डीत एका ठिकाणी बालवाडी उघडून पाहिली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलंच येईनात. आईबाप कामावर, अंगावर धड कपडे नाहीत, कडेवर धाकटं भावंड, मनात जातीची भीती. मग या दोघींनी शाळाच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात. मुलांची आंघोळ, नखं, केस इथपासून सुरुवात. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं. मोजायला तेवढं पुरतं की!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. तिथे मोठी मुलं गुरांमागे जात, म्हणून शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. कारण अगदी साधं होतं. धाकट्याला सांभाळायला कुणी असेल, तरच थोरली शाळेत बसेल.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या १९७३ मध्ये गेल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत कोसबाडलाच होत्या. 'अंगणवाडी' म्हटलं की आपल्याला खिचडी नि पोलिओचे थेंब आठवतात. पण शाळेनं मुलाच्या दारी जावं हा विचार त्या शब्दात आहे, हे आपण विसरतो.

तर भाऊराया, तुझ्या शाळेला माझा विरोध नाही. कर्जत तालुक्यात फार्महाऊसं भरपूर झाली, एखाद्या घरात मुलांचा गलबला झाला तर बरंच आहे. पण ठाकरवाडी, कातकरवाडीची मुलं आपली ओटी चढतील का? लहानपणी ती अंगणातच उभी राहायची आणि आपण वरून बघायचो, आठवतं? 'वर या' असं आपल्यापैकी कुणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

दिवाळीत सगळे जमणारच आहोत. फीचा हिशेब मांडायच्या आधी एक सकाळ वाडीवर जाऊन येऊ. तिथल्या सेविकाताईंना विचारू की त्यांना काय कमी पडतं. कदाचित त्यांना आपल्या ओटीपेक्षा आणखी एक जोडी हातांची गरज असेल.

कुलूप काय, त्यानंतरही उघडता येईल.