भट्टीला नंबर

साल 1981, ऑक्टोबर. दिवाळी चार दिवसांवर आली आहे. तू दहा वर्षांची आहेस आणि चिंचपोकळीच्या चाळीतल्या एका खोलीत परातीपुढे मांडी घालून बसली आहेस. परातीत वनस्पती तूप. ते तळहाताने फेसायचं, पांढरंशुभ्र होईस्तोवर. हात भरून आलाय. पण आई चकल्या तळता तळता तुझ्याकडे बघतेच आहे.

"वाटीतल्या पाण्यात थेंब टाक. तरंगला की झालं."

तरंगतो. मग पिठीसाखर, मैदा, मूठभर रवा, चिमूटभर सोडा, वेलची, आणि आईच्या मर्जीप्रमाणे कमी-जास्त जायफळ.

पुढचं काम या खोलीत होण्यासारखं नाही. घासलेटचा स्टोव्ह चकली तळेल, करंजी तळेल. नानकटाईला चारी बाजूंनी धग लागते. म्हणून सगळ्या फराळात हा एकच जिन्नस घराबाहेर, पाववाल्या मुसलमान चाचांच्या भट्टीत पुरा होतो. एरवी सोवळं-ओवळं मोजणारी आजी याबद्दल चकार शब्द काढत नाही. नानकटाई तिलाही आवडते.

पातेल्यावर फडकं बांधून तुम्ही दोघी खाली उतरता. गिरण्यांचा साडेतीनचा भोंगा होतो. रस्ता एकदम भरून जातो: पहिल्या पाळीची माणसं केसांत कापूस घेऊन परतताहेत, दुसऱ्या पाळीची आत चालली आहेत. अपोलो गिरणी असो की सिंप्लेक्स, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, बोनस. कुणी कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांचं नाव घेतं. तू ज्या पुढच्या काळातून इथे आलीस तिथे पुढचं ठाऊक आहे: 18 जानेवारी 1982, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर. पण दहा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकणार? पातेलं सांभाळ, कलंडतंय.

बेकरीसमोर बायका फुटपाथवरच बसल्या आहेत. मांडीपुढे पत्र्याचे काळे ट्रे, हातात गोळे. नंबर लागेपर्यंत गोळे वळायचे, किंचित दाबायचे आणि वर आपली खूण करायची. कुणाचा पिस्त्याचा काप, कुणाची अंगठ्याने पाडलेली खळी, तुमची चारोळी. ट्रे आत गेले की सगळ्यांचे सारखेच दिसतात, त्यामुळे या खुणांवर इथे फार भिस्त आहे.

चाचा तुमचा एक गोळा चिमटीत दाबून बघतात.

"घी जास्ती है, भाभी. फैलेगा."

आई काही न बोलता पिशवीतून मैद्याची पुडी काढते. तिला हे ठाऊक होतं. मैदा महाग नाही, पण सुरुवातीलाच जास्त घातला तर नानकटाई दडस होते. म्हणून ती भट्टीपाशी येऊन ठरवते. हा हिशोब पाककृतीच्या पुस्तकात सापडायचा नाही.

आधी पाव निघतात. त्यांना कडक आच हवी. ती उतरली, भट्टी जराशी निवली, की मगच नानकटाई. नाहीतर वरून लाल आणि आत कच्ची. लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सरकतात. याच भट्टीत डिसेंबरात भायखळ्याकडची ख्रिस्ती कुटुंबं नाताळच्या केकचं मिश्रण घेऊन येतील. त्यांच्याही घरी ओव्हन नाही.

लाकडाच्या धुराने तुझे डोळे चुरचुरतात. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालय मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसरं इंधन धरायला सांगणार आहे. वासासाठी जीव तुटतो खरा, पण इथे तासभर उभं राहिल्यावर न्यायाधीशांचंही पटतं.

तुमचे ट्रे बाहेर येतात, आणि भांडण जुंपतं. शेजारच्या काकूंनीही यंदा चारोळीच लावली आहे.

"अहो, आमच्या मोठ्या आहेत!"

"मोठ्या? त्या पसरल्यात. बघा खालून!"

आई एक नानकटाई पालथी करून दाखवते. काकू दुसरी पालथी करतात. मागे नंबर खोळंबले आहेत. चाचा दोन्ही ट्रे पुढे सरकवतात, फडक्याने कपाळ पुसतात.

"आधा-आधा कर लो। और अगले साल निशानी अलग लगाना।"